डॉट इनवर आल्यावर साइट गुगलमध्ये मागे पडली, तर कोणत्या क्रमाने तपासावे

साइट डॉट कॉमवरून डॉट इनवर नेल्यावर दुकानाचे किंवा कारखान्याचे नेमके नाव गुगलवर टाकले तरी नवा डॉट इनचा पत्ता वर येत नाही. त्याच्या जागी जुना डॉट कॉमचा पत्ता येतो आणि त्यावर बोट टेकवले की पान उघडत नाही, किंवा कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. काही वेळा दोन्ही पत्ते आलटूनपालटून दिसतात. काही वेळा नवा पत्ता मालकाच्या मोबाइलवर पहिल्या क्रमांकावर असतो, पण पुण्यातल्या भाच्याला तो तिसऱ्या पानावरही सापडत नाही. निर्यात करणाऱ्यांची तक्रार थोडी निराळी असते: देशातून चौकशी येते, पण दुबईहून येणारी बंद झालेली असते. सर्वांत जास्त आढळणारे लक्षण मात्र संगणकावर दिसतच नाही. पत्ता बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांत गिऱ्हाइकांचे फोन कमी होतात. लातूरच्या एका डाळमिलचे मालक मला म्हणाले होते, "सर, डॉट इन घेतलं की गुगल वर नेतंय म्हणले होते. हितं तर आमची साइटच दिसंना झालीय."

हा बिघाड मी लातूर, जालना, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर या भागांत इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. फुकट आणि दोन मिनिटांत होणारी तपासणी आधी करावी, पैसे आणि जोखीम असलेली नंतर. हा क्रम मोडू नये, कारण नवी साइट बनवून घेतल्यावर मूळ दोष मुदत संपलेल्या जुन्या डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावात, होता असे कळलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचे गेलेले पैसे परत मिळवून देणे माझ्या हातात नव्हते.

डॉट इनकडून काय मिळते

डॉट इन हे भारताचे देशसूचक एक्स्टेन्शन, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, १९८९ पासून अस्तित्वात आहे आणि २००५ पासून ते निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली सर्वसामान्य नोंदणीसाठी खुले झाले. गुगल त्याचा अर्थ एवढाच घेते की ही साइट मुख्यतः भारतातील लोकांसाठी आहे. म्हणजे भारतातून शोधणाऱ्याला ती अधिक लागू आहे असे समजायला मदत होते; पण डॉट इन आहे म्हणून पाने चांगली ठरत नाहीत, आणि भारतातीलच दोन साइटची तुलना होताना दोघांकडेही डॉट इन असेल तर त्या खुणेचा कोणालाच फायदा उरत नाही. डॉट इन आणि डॉट सीओ डॉट इन यांतही क्रमांकाच्या दृष्टीने फरक नाही.

प्रत्येक देशसूचक एक्स्टेन्शन देशाची खूण म्हणून धरले जाते असेही नाही. डॉट सीओ कोलंबियाचे, डॉट टीव्ही तुवालूचे, डॉट एमई माँटेनेग्रोचे आणि डॉट एआय अँग्विलाचे आहे. पण जगभर ती देशाशी संबंध नसलेल्या कामांसाठी वापरली जातात, म्हणून गुगल त्यांना डॉट कॉमसारखीच सर्वसाधारण मानते. डॉट इन त्या यादीत नाही. इथली साइट डॉट सीओवर असेल तर तिच्यावर कोलंबियाचा शिक्का बसत नाही, तसाच भारताचाही बसत नाही.

हे समजले की पुढचा निष्कर्ष सरळ आहे. डॉट कॉमवरून डॉट इनवर आल्यानंतर साइट मागे पडली असेल, तर दोष एक्स्टेन्शनमध्ये क्वचितच असतो. तो स्थलांतरात असतो.

पहिली तपासणी: मोजमाप बरोबर आहे का

मोबाइलवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, खात्यातून बाहेर पडावे आणि मग शोधावे. त्याच वेळी दुसऱ्या शहरातील नातेवाइकाला तेच शब्द शोधायला सांगून त्याच्याकडून स्क्रीनचा फोटो मागवावा. स्वतःच्या फोनवर रोज आपलीच साइट उघडणाऱ्या माणसाला ती वर दिसू शकते, आणि तो क्रमांक गिऱ्हाइकाला दिसणारा क्रमांक असेलच असे नाही. काहीजण गुगलचा भारतीय पत्ता उघडून शोधतात आणि तोच भारताचा खरा निकाल मानतात. पण २०१७ पासून निकाल ठरतात ते शोधणारा कुठे आहे यावरून, गुगलचा कोणता पत्ता टाकला यावरून नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये तर गुगलने देशोदेशीचे वेगळे पत्ते आपल्या डॉट कॉमकडे वळवण्याचे जाहीर केले.

यानंतर शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत "साइट" हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि लगेच आपले डोमेन, मध्ये जागा न सोडता, असे टाकावे. एकही पान आले नाही, तर बहुधा साइट गुगलच्या नोंदीतच नाही आणि पुढच्या तीन तपासण्या मन लावून कराव्यात. पाने आली, तर साइट नोंदीत आहे आणि प्रश्न क्रमांकाचा आहे. आपण कधीच न लिहिलेली पाने आली, म्हणजे औषधांच्या जाहिराती, सट्ट्याचे दुवे किंवा जपानी मजकूर, तर तिथेच थांबावे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

दुसरी तपासणी: दोन्ही डोमेन जिवंत आहेत का, आणि कोणाच्या नावावर आहेत

ही तपासणी मी कधीही वगळत नाही. वर उल्लेख केलेल्या डाळमिलच्या गादीवर बसून मी मालकांना डोमेनची पावती मागितली. हिशेबाच्या लाल वहीत घडी घालून ठेवलेली डॉट इनची पावती त्यांनी लगेच काढून दिली. जुन्या डॉट कॉमची विचारली तेव्हा ते म्हणाले, "ते सोडून दिलं की. आता नवीन घेतलंय ना." जुन्या नावाची मुदत संपून पाच आठवडे झाले होते.

नेमके नुकसान इथेच झाले होते. जुन्या पत्त्याला अनेक वर्षांत बाजार समितीच्या बातम्या, व्यापारी संघटनेची यादी आणि गिऱ्हाइकांचे लेख यांतून दुवे मिळालेले असतात, आणि गुगलच्या दृष्टीने साइटचे वजन मुख्यतः अशाच गोष्टींनी वाढते. ते वजन नव्या पत्त्याकडे न्यायचे तर जुन्या पत्त्याने प्रत्येक येणाऱ्याला नव्याकडे पाठवत राहिले पाहिजे, आणि मुदत संपलेले डोमेन कोणालाही कुठेही पाठवू शकत नाही. एका डोमेनचे वार्षिक शुल्क बहुधा हजार रुपयांच्या आसपास असते. मी प्रत्येकाला सांगतो की जुने नाव निदान काही वर्षे सोडू नये, आणि व्यवसायाचे नावच त्यात असेल तर कधीच सोडू नये, कारण मोकळे झालेले नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

त्याचबरोबर हूइज नोंदीत, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, डोमेनची स्थिती पाहावी. तिथे "होल्ड" असे लिहिले असेल, तर साइटमध्ये कितीही बदल केले तरी पत्ता उघडणार नाही. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात नोंदणी कोणाच्या नावावर आहे हेही पाहावे. आपल्याकडे ती पुष्कळदा साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असते. तो मुलगा पुढे पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि मालकाला काहीच कळत नाही.

तिसरी तपासणी: साइटनेच गुगलला अडवले आहे का

वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या साधनात "रीडिंग" या सेटिंगखाली शोध इंजिनांनी ही साइट नोंदवू नये असे सांगणारी एक चौकट असते. साइट तयार होत असताना ती खूण करून ठेवतात आणि नव्या डोमेनवर चढवताना काढायला विसरतात. शोध इंजिनांनी काय पाहू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्येही तशीच बंदी राहून गेलेली असते. पाच मिनिटांचे काम आहे, पण एवढी एक खूण राहिली तर पुढची सर्व मेहनत वाया जाते.

चौथी तपासणी: जुना पत्ता नव्याकडे कसा वळवला आहे

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक साइटचा दोष इथे सापडतो, म्हणून या पायरीला घाई करू नये.

जुन्या साइटवरील आतल्या पानाचा पत्ता घ्यावा, उदाहरणार्थ तूरडाळीच्या दराचे पान, आणि तो ब्राउझरमध्ये टाकावा. तो नव्या साइटवरील तूरडाळीच्याच पानावर गेला पाहिजे. सर्व जुनी पाने एकगठ्ठा नव्या मुखपृष्ठावर पाठवली असतील, तर जुन्या पानाची जागा कोणत्या पानाने घेतली हे गुगलला कळत नाही, आणि अशा वळणाला ते पान नसल्यासारखेच मानण्याची शक्यता असते. वळण कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ क्रमांकाचे असावे. ३०२ म्हणजे तात्पुरते. ते ठेवले तर जुना पत्ताच पुन्हा चालू होणार आहे असा संकेत जातो, आणि दोन्ही पत्ते आलटूनपालटून दिसण्यामागे मला बहुतेक वेळा हेच कारण आढळले आहे.

रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये "मास्किंगसह फॉरवर्डिंग" असा पर्याय असतो. तो निवडू नये. त्यात जुना पत्ता पट्टीत तसाच राहतो आणि नवी साइट आत एका चौकटीत दिसते. माणसाला सर्व ठीक वाटते, पण गुगलच्या लेखी स्थलांतर झालेलेच नसते.

आता सुरक्षिततेच्या इशाऱ्याबद्दल. डाळमिलच्या जुन्या डोमेनचे नूतनीकरण वाढीव शुल्क भरून झाले, वळण बसवले, माझ्या लॅपटॉपवर ते चालले आणि आम्ही चहा घेतला. मालकांच्या मुलाने सहज स्वतःच्या फोनवर बाजार समितीच्या जुन्या बातमीतील दुवा उघडला, तर पडदाभर लाल त्रिकोणाचा इशारा आला. मी साध्या एचटीटीपीने, म्हणजे असुरक्षित पत्त्याने, तपासले होते आणि बातमीतील दुवा एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित पत्त्याचा, होता. जुन्या डोमेनचे एसएसएल प्रमाणपत्र संपले होते. सुरक्षित पत्त्यावर आधी प्रमाणपत्राची ओळख पटते आणि मगच सर्व्हर "इकडे जा" असे सांगू शकतो, म्हणून प्रमाणपत्र संपलेले असेल तर वळण कितीही अचूक असले तरी तिथपर्यंत कोणी पोहोचत नाही. मोफत प्रमाणपत्र बसवून ते काम दहा मिनिटांत झाले. तेव्हापासून मी प्रत्येक जुना पत्ता चार प्रकारे टाकून पाहतो: सुरक्षित आणि असुरक्षित, आणि त्या दोन्हींत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. चारही प्रकार एकाच झेपेत नव्या पानावर पोहोचले पाहिजेत.

पाचवी तपासणी: सर्च कन्सोलला पत्ता बदलल्याचे कळवले आहे का

आपली साइट गुगलला कशी दिसते हे मालकाला दाखवणारे गुगल सर्च कन्सोल मोफत आहे. जुने आणि नवे डोमेन एकाच खात्यात सिद्ध करून घ्यावे आणि जुन्या डोमेनच्या सेटिंगमधून "पत्ता बदल" हे साधन वापरावे. ३०१ वळण आधी बसवलेले असावे लागते, कारण हे साधन ते तपासते. या सूचनेचा परिणाम १८० दिवस चालतो, आणि वळण निदान एक वर्ष ठेवावे असे गुगल सांगते. नव्या डोमेनचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, हीही इथेच द्यावी.

त्याच बैठकीत पानांच्या आत कॅनॉनिकल खूण पाहावी. ती अजून जुन्या डोमेनकडे बोट दाखवत असेल, तर आपणच गुगलला सांगत असतो की मूळ पान तिकडे आहे. मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या असतील तर कोणते पान कोणत्या भाषेसाठी आहे हे सांगणाऱ्या एचरेफलँगच्या खुणाही बघाव्यात. त्यांत आधी भाषेचा संकेत आणि मग देशाचा असा क्रम असतो, नुसता देश चालत नाही, आणि दोन्ही पानांनी एकमेकांचा उल्लेख केलेला असावा लागतो.

यानंतर काही आठवडे थांबावे. सर्व काही बरोबर केले तरी स्थलांतरात क्रमांक खालीवर होतात. या काळात घाबरून परत डॉट कॉमवर जाणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान झालेले मी पाहिले आहे, कारण एक स्थलांतर अर्धवट असताना ते दुसरे सुरू करतात.

सहावी तपासणी: गिऱ्हाईक कुठले आहे

इथे पैसे आणि निर्णय दोन्ही लागतात. जालन्याची मोसंबी किंवा मराठवाड्याचा केशर आंबा आखाती देशांत पाठवणाऱ्याने, किंवा परदेशातील मराठी कुटुंबांना पैठणी विकणाऱ्याने, आपली एकमेव साइट डॉट इनवर नेली तर त्याने भारताची खूण स्वतःहून लावून घेतली आहे. सर्च कन्सोलमध्ये देश निवडण्याची सोय पूर्वी होती, ती २०२२ मध्ये बंद झाली, आणि देशसूचक डोमेनला ती कधीच लागू नव्हती. अशा व्यवसायाने डॉट कॉम मुख्य ठेवावे आणि देशनिहाय विभाग त्यातच करावेत असे माझे मत आहे. प्रत्येक देशाचे वेगळे डोमेन घेतले, तर प्रत्येकाचे वजन शून्यापासून वाढवावे लागते, आणि ते लहान व्यवसायाला पेलत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्यांचे गिऱ्हाईक फक्त आपल्या तालुक्यातले आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे की डॉट इन "भारत" सांगते, "औसा" किंवा "वसमत" सांगत नाही. ते काम गुगलवरील व्यवसाय प्रोफाइल, साइटवरील पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन क्रमांक आणि स्थानिक साइटवरून मिळालेले दुवे करतात. जागेचे नावही जपून लिहावे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, पण जुनी नावे टाकून शोधणारे लोक अजून आहेत. म्हणून पत्त्यात आजचे अधिकृत नाव आणि माहितीच्या मजकुरात एखाद्या वाक्यात पूर्वीचे नाव असे दोन्ही ठेवावे.

डॉट भारतबद्दलही विचारणा होते. देवनागरीतील हे एक्स्टेन्शन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठीत लिहिलेला पत्ता पाटीवर वाचता येतो, ही त्याची किंमत मला मनापासून मोठी वाटते. क्रमांकाचा वेगळा लाभ मात्र त्यातून मिळत नाही. आतून हा पत्ता इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपातच चालतो. ते लांबलचक रूप पट्टीत दिसले तर साइट बिघडली असे समजू नये. प्रमाणपत्र त्या रूपासाठीही काढलेले आहे का आणि नावातील ऱ्हस्व-दीर्घ पाटीवरच्याशी जुळतो का, एवढे पाहावे.

कुठे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

साइटवर आपली नसलेली पाने सापडली, तर ती एकेक करून काढत बसू नये. साइटमध्ये कोणी शिरले आहे आणि शिरण्याची वाट बंद केल्याशिवाय ती पाने परत येतात. सर्च कन्सोलमध्ये मानवी कारवाईची, म्हणजे गुगलच्या माणसांनी नियमभंगासाठी केलेल्या कारवाईची, सूचना आली असेल, तरीही स्वतः प्रयोग करू नयेत.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल आणि तो देत नसेल, तर तो तांत्रिक प्रश्न राहत नाही. आधी रजिस्ट्रारकडे लेखी अर्ज करावा. नावावर आपला हक्क असताना कोणी ते वाईट हेतूने अडवून ठेवले असेल, तर डॉट इनसाठी निक्सीची लवादामार्फत वाद सोडवण्याची पद्धत आहे, आणि तिथे वकिलासह जावे. मुदत संपून रिडेम्प्शनच्या, म्हणजे नाव सोडवून घेण्याच्या शेवटच्या, टप्प्यात गेलेले डोमेनही फक्त रजिस्ट्रारच सोडवू शकतो, आणि तिथे प्रत्येक दिवस महत्त्वाचा असतो.

डीएनएसच्या, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या, नोंदी बदलण्याची वेळ आली आणि त्याच डोमेनवर कार्यालयाची ईमेल चालत असेल, तर हात लावू नये. एक नोंद चुकीची पुसली की टपाल बंद पडते. ऑनलाइन पैसे घेणारी किंवा काही शेकडा पानांची साइटही अनुभवी माणसाकडूनच हलवावी.

बँकांचे प्रकरण वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जाण्यास सांगितले आणि त्या नावांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडेच ठेवली. तो बदल ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी होता, क्रमांकासाठी नव्हता. नागरी सहकारी बँकेची साइट मागे पडली असेल तर वरील पहिली तपासणी करून बाकी सर्व बँकेच्या माहिती तंत्रज्ञान विभागावर सोडावे. पतसंस्था या बँका नाहीत, त्यामुळे त्यांना हे नाव मिळत नाही. कोणी मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

जाणकाराकडे जाताना दोन्ही डोमेनच्या पावत्या, पत्ता बदलल्याची तारीख, जुन्या साइटवरील महत्त्वाच्या दहा-वीस पानांचे पत्ते आणि दुसऱ्या शहरातून मागवलेले स्क्रीनचे फोटो सोबत न्यावेत. पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. सर्च कन्सोलमध्ये त्याला वापरकर्ता म्हणून जोडावे, मालकी आपल्याच खात्यावर ठेवावी आणि काम झाल्यावर त्याचे नाव काढून टाकावे.